भिडू गप्प का बसला?

गोष्ट सांगायच्या पत्त्यांच्या खेळात सहसा नेहमीच्या कॅटमधले राजा, राणी, गुलाम नसतात. पत्त्यांवर माणसं असतात, जागा असतात, वस्तू आणि प्रसंग असतात. एकेक पत्ता खाली टाकत भिडू मिळून एक कथा रचत जातात. 1993 साली निघालेला ‘वन्स अपॉन अ टाइम’ हा या प्रकारातला जुना आणि आजही खेळला जाणारा खेळ. रिचर्ड लॅम्बर्ट, अँड्र्यू रिल्स्टोन आणि जेम्स वॉलिस या तिघांनी तो तयार केला. प्रत्येकाच्या हाती काही कथेचे पत्ते आणि एक शेवटाचा पत्ता येतो. सांगणाऱ्याच्या कथेत त्याच्या पत्त्यावरचा राजवाडा किंवा घोडा आला की तो पत्ता खाली ठेवतो. दुसऱ्या कोणाच्या हातात त्या क्षणी जुळणारा पत्ता असेल, तर तो मध्येच तोडून कथा आपल्याकडे ओढून घेतो. हातातले पत्ते संपवून जो आपल्या शेवटापर्यंत कथा पोचवतो, तो जिंकला. नियम एवढेच. तरीही असा खेळ करायला बसलेल्या माणसाची खरी दमछाक नियम लिहिताना होत नाही, ते माणसांत तपासताना होते. या तपासण्याला जगभरचे खेळकर्ते प्लेटेस्ट म्हणतात. आपण चाचणीचा डाव म्हणू.

छापलेल्या कादंबरीचं पान वाचकागणिक बदलत नाही. खेळाचं तसं नाही. खेळ करणारा अर्धंच काम करतो आणि उरलेलं अर्धं भिडू करतात. ते भिडू कोण असतील, सासू-सुना असतील की कॉलेजातले मित्र, थकून आलेले असतील की सुट्टीवर, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच कागदावर निर्दोष दिसणारा नियम चार माणसांत पडला की भलताच वागतो. वर सांगितलेला मध्येच तोडायचा नियम घ्या. बरोबरीच्या मित्रांत तो धमाल आणतो. पण आजोबा गोष्ट सांगताहेत आणि नातसुनेच्या हातात जुळणारा पत्ता आहे, अशा आपल्याकडच्या घरात ती पत्ता टाकेल का? बहुतेक वेळा नाही टाकणार. तिचा पत्ता हातातच राहील, ती हरेल, आणि नियमाचं पुस्तक कितीही वाचलं तरी या हरण्याचं कारण त्यात सापडणार नाही. ते फक्त तिथे बसून पाहणाऱ्याला दिसेल.

कथा आणि चित्रांची चळत घेऊन माणसांसमोर बसणं आपल्याकडे नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो, गातो, बोलतो, पुढचं चित्र काढतो. चित्रांचा क्रम ठरलेला असतो, पण कुठल्या चित्रावर किती थांबायचं ते समोरच्या माणसांवर ठरतं. लोक पुढे सरकून बसले की युद्ध लांबतं, मुलं पेंगली की वनवास आटोपता होतो. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या कलावंताला चाचणीचा डाव वेगळा करावा लागत नाही, कारण प्रत्येक खेळ हाच चाचणी असतो आणि दुरुस्ती जागच्या जागी होते. छापील खेळाला ती सोय नाही. डबा विकला गेला की करणारा तिथे नसतो. चित्रकथी जे रात्रभर श्रोत्यांच्या तोंडाकडे बघत करतो, ते सगळं त्याला छपाईच्या आधी उरकावं लागतं.

जुने खेळ लोकांनीच खेळत खेळत दुरुस्त केले. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. त्याचे जैन, वैष्णव, सूफी असे किती तरी पट मिळतात आणि त्यांची घरंसुद्धा सारखी नाहीत, कुठे 72, कुठे 84, कुठे शंभराच्या वर. ज्या समाजात पट गेला त्याने आपले सद्गुण आणि दुर्गुण त्यावर लिहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात पोचला आणि 1943 साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने त्यातले साप काढून घसरगुंड्या घातल्या. मोनोपॉलीची कथाही अशीच. एलिझाबेथ मॅगी यांनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट 1904 मध्ये घेतलं, पुढची तीस वर्षं लोक घरी हाताने पट काढून तो खेळत राहिले, आपापल्या शहरातल्या रस्त्यांची नावं घालत राहिले, आणि 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने बाजारात आणला तो या सगळ्या हातांनी घासून गुळगुळीत केलेला खेळ होता. आपल्या घरांत ‘व्यापार’ म्हणून आला तो याच घराण्यातला. आज एकटा माणूस स्वतःच्या पैशाने खेळ काढतो तेव्हा त्याच्याकडे तीस वर्षं नसतात. लोकांनी सावकाश केलेलं काम त्याला थोडक्या काळात, मुद्दाम करावं लागतं.

आता हे बीड जिल्ह्यात आणून पाहू. दसऱ्याच्या आसपास इथल्या गावांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही. हंगाम संपून परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, फडातला ऊस, मोळ्या, रात्री-अपरात्री भरायची गाडी, वजनकाट्यावरची रांग, कारखान्याचा चिटबॉय, काम चुकलं की पडणारा खाडा, विकायचं उसाचं वाढं, आणि शेवटी पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की घरची वाट. कथेसाठी लागतं ते सगळं यात आहे: निघणं, अडचण, सोबत, कर्ज, परतणं. समजा, वडवणी किंवा अंबाजोगाईकडचा एखादा तरुण या हंगामावर साठ पत्त्यांचा कथाखेळ करतो आहे. मला असा खेळ कोणी करावा असं मनापासून वाटतं. तो करताना काय काय तपासावं लागेल, ते या उदाहरणावरच सांगता येईल.

पहिला संच सुंदर असू नये. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यावर पेन्सिलीने लिहिलेले पत्ते पुरतात; नाहीतर पत्त्यांच्या जुन्या कॅटवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. याचं कारण काटकसर एवढंच नाही. चित्रकाराकडून रंगवून घेतलेला पत्ता फाडायला हात धजत नाही, आणि भिडूंनाही तो पक्का झालेला वाटतो, त्यामुळे ते त्याच्याविरुद्ध बोलत नाहीत. पेन्सिलीचा पत्ता सगळ्यांनाच सांगतो की इथे अजून खोडता येतं. एक अडचण मात्र लक्षात ठेवायला हवी. जाड, वेडेवाकडे कापलेले पत्ते नीट पिसता येत नाहीत. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं की 52 पत्त्यांचे दोन भाग करून ते एकमेकांत फरफर मिसळले, तर चांगले पिसले जायला साधारण सात वेळा तसं करावं लागतं. आपण हातावर वरच्या वर पत्ते सरकवत पिसतो, त्या पद्धतीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. अर्धवट पिसलेल्या संचावर मागच्या डावातले प्रसंग पुन्हा एकामागोमाग येतात. मग करणाऱ्याला वाटतं आपल्या पत्त्यांची जुळणी फार छान आहे, आणि प्रत्यक्षात ती मागच्या डावाची उरलेली रांग असते.

योगायोग किती फसवतो त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. साठ पत्त्यांत सहा पत्ते संकटाचे आहेत असं धरू: खाडा, आजारपण, अवकाळी पाऊस, बैल बसणं वगैरे. चार भिडूंना पाच-पाच पत्ते वाटले, म्हणजे वीस पत्ते हातांत गेले. या विसांत एकही संकट नसण्याची शक्यता जवळजवळ 7.7 टक्के येते, म्हणजे तेरा डावांतला एक डाव कोणाच्याही हाती संकट न येता सुरू होणार. अशा डावात लोक गोड गोड बोलत राहतात, कथा पुढे सरकत नाही आणि कोणाला कळत नाही काय बिघडलं. खेळकर्त्याने पाच डाव तपासले, तर हा दोष एकदाही न दिसण्याची शक्यता 67 टक्के आहे. बारा डाव तपासले तरी ती 38 टक्के उरते. ‘घरी पाच-सहा वेळा खेळून पाहिला, मस्त चालतो’ या वाक्यावर विसंबून छापायला टाकू नये, ते यासाठी.

यावर उपाय दोन. एक, संकटाचे पत्ते वाढवणं. पण मग काही डावांत संकटांचा ढीग पडतो. दुसरा उपाय मला जास्त पटतो, तो म्हणजे पत्त्यांचे टप्पे पाडणं. एव्हरी आल्डर यांच्या ‘द क्वायट इयर’ (2013) या खेळात साधाच पत्त्यांचा कॅट वापरतात, पण बदाम वसंताचे, चौकट उन्हाळ्याची, किलवर शरदाचे आणि इस्पिक हिवाळ्याचे. प्रत्येक रंग वेगळा पिसायचा आणि ऋतूंच्या क्रमाने खेळायचा. एक पत्ता म्हणजे एक आठवडा, आणि हिवाळ्यात इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच थांबतो. म्हणजे वर्षाचा क्रम पक्का, पण त्यातले आठवडे अनोळखी. ऊसतोडीचा हंगाम या मांडणीला आयताच बसतो: उचल घेऊन निघण्याचे पत्ते, फडातले, ऐन थंडीतले, आणि पट्टा पडण्याच्या सुमाराचे. शेवटच्या गठ्ठ्यात ‘पट्टा पडला’ हा पत्ता कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, जसं टोळीलाही कारखाना नेमका कोणत्या दिवशी बंद होईल ते आधी माहीत नसतं. खेळाचा नियम आणि जगण्यातली अनिश्चितता अशी एका पत्त्यात येऊन मिळाली, की समजावं मांडणी बरोबर वाटेवर आहे.

चाचणीच्या डावाला बसल्यावर खेळकर्त्याने काय बघायचं? कथा चांगली झाली की नाही, हे सर्वांत शेवटी. आधी बघायचं ते हात आणि डोळे. नियमाचा कागद पुन्हा कोणी उचलला, आणि कोणत्या वेळी? मोबाइल कोणाच्या हातात गेला? कोणता पत्ता डावामागून डाव हातातच राहतो? कोण किती बोललं? सगळ्यांत मोलाची असते ती शांतता, पण ती दोन प्रकारची असते. ‘मुकादमाने अर्धेच पैसे दिले’ असा पत्ता पडल्यावर पुढचा भिडू विचार करत थांबतो, ती एक. ‘आता मी काय करायचं असतं?’ म्हणून थांबतो, ती दुसरी. पहिली जपायची, दुसरी काढून टाकायची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून बघणाऱ्याने वहीत वेळ लिहून ठेवावी आणि डाव संपल्यावर त्याच जागेबद्दल विचारावं.

हातात अडकणाऱ्या पत्त्यांचं उत्तर सावंतवाडीच्या गंजिफात एका वेगळ्या रीतीने मिळतं. दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या अवतारांत राजा-प्रधानानंतर दहा थोर, तर निम्म्यांत क्रम उलटा, तिथे एक्का थोर आणि दहा सर्वांत लहान. त्यामुळे कोणताही आकडा कायमचा दुबळा राहत नाही. उतारी कोणाची हा वादही आधीच मिटवलेला असतो: दिवसा राम ज्याच्या हाती त्याची, रात्री कृष्ण ज्याच्या हाती त्याची. कोण सुरू करणार हे न सांगणारा नियमकागद चाचणीत पहिल्या मिनिटाला अडतो, आणि जुन्या खेळांनी हा प्रश्न किती विचाराने सोडवला आहे ते अशा वेळी कळतं.

बोलक्या भिडूचा प्रश्न याहून अवघड. एकच जण सगळी कथा ओढून नेतो आणि बाकीचे ऐकत बसतात. ‘दीक्षित’ या 2008 सालच्या खेळात ज्याँ-लुई रुबिरा यांनी गुणांची फार सुरेख योजना केली आहे. सांगणारा आपल्या चित्राबद्दल एक इशारा देतो. त्यावरून ते चित्र सगळ्यांनी ओळखलं तरी त्याला शून्य, कोणीच ओळखलं नाही तरी शून्य. काहींनाच कळेल असं बोललं तरच फायदा. त्यामुळे सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यांकडे बघावंच लागतं. या खेळाला 2010 मध्ये जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. ‘जास्त बोलू नका’ असा नियम लिहून कोणी कमी बोलत नाही. ज्याने कमी बोलणं फायद्याचं ठरेल असा नियम शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत डाव मांडत राहावं लागतं.

आपल्याकडच्या चाचणीत एक अडचण जास्तीची आहे. डाव संपला, चहा झाला आणि विचारलं, ‘कसा वाटला खेळ?’ तर उत्तर येतं, ‘छान आहे की!’ घरी बोलावून चहा पाजणाऱ्याला कोण नावं ठेवणार? म्हणून आवडला का, हे विचारूच नये. दुसऱ्या दिवशी विचारावं, ‘काल कथा काय झाली होती, सांगता का?’ जो भाग त्यांना न अडखळता सांगता येतो तो खेळातला जिवंत भाग. जिथे ‘मग असंच काहीतरी झालं’ येतं तिथले पत्ते बदलायचे. भिडू उपायही सुचवतात, आणि ते आदराने लिहून घ्यावेत, पण लगेच अमलात आणू नयेत. कुठे टोचलं हे भिडू अचूक सांगतो, का टोचलं हे शोधणं खेळकर्त्याचं काम. आणि एका वेळी एकच बदल करावा. पत्त्यांची संख्या आणि वाटणी दोन्ही एकदम बदलली, तर डाव सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही.

भिडू रिकाम्या मनाने बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं लागतं. मेंढीकोट खेळत वाढलेला माणूस चार जण बसले की समोरच्याला आपला जोडीदार धरतो आणि हात उचलायला जातो. त्याला तीनदा थांबवण्यापेक्षा समोरासमोरच्या दोघांना एकच कोयता करून टाकावं. सवयच मग नियमाच्या कामी येते. शिवाय गावाकडे पत्ते म्हटलं की जुगार डोळ्यांपुढे येतो, आणि कित्येक बाया त्या डावाला बसणारच नाहीत. त्यांच्यासाठी पत्त्यांचा आकार बदलावा, चौकोनी मोठे करावेत, किंवा हातात न धरता मध्ये मांडून ठेवावेत. या बाया कथा रचण्यात कोणापेक्षा कमी नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पाने खेड्याखेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्याही आहेत. जात्यावर एकीने ओळ धरायची, दुसरीने ती पुढे न्यायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. कथाखेळाला ज्या कौशल्याची गरज असते ते इथे कोणी शिकवायला नको.

ओळखीच्यांत खेळ चालू लागला की खरी परीक्षा येते, तिला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. डबा अनोळखी लोकांच्या हाती द्यायचा, खेळकर्त्याने कोपऱ्यात बसायचं आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. भिडू नियम चुकीचा वाचतील, उलटा खेळतील, विचारतील, तरी गप्प. कारण तोपर्यंत प्रत्येक डावात तो स्वतःच नियमाची कमतरता बोलून भरून काढत होता. इथे कळतं की ‘पत्ता उघडा’ म्हणजे सगळ्यांना दाखवायचा की फक्त स्वतः बघायचा, हे लिहिलेलंच नाही. नियमाच्या कागदातल्या बहुतेक दुरुस्त्या या टप्प्यात होतात. वाचनाची सवय कमी असलेला एखादा भिडू या डावात असलाच पाहिजे. त्याच्यामुळे कोणतं वाक्य चित्राने भागेल ते समजतं. हंगामात आईबाप फडावर गेल्यावर मुलं गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आजी आणि नात एकत्र बसून नुसत्या कागदावरून हा खेळ सुरू करू शकल्या, तर नियम नीट लिहिले गेले असं म्हणता येईल.

ऊसतोडीवरच्या खेळाला आणखी एक चाचणी टाळता येणार नाही. ज्यांच्या जगण्यावर पत्ते लिहिले, त्यांनी ते बघायला हवेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. असा पत्ता संचात असावा का? शहरातल्या भिडूंना तो महत्त्वाचा वाटेल. ज्या बाईच्या अंगावर ती जखम आहे तिला चार जणांत तो पत्ता हाती येणं काय असेल, हे दुसऱ्या कोणी ठरवू नये. तिच्याशी आधी एकटीशी बोलावं, पत्ता दाखवावा, ती नको म्हणाली तर काढावा. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रूढ केलेलं ‘एक्स कार्ड’ इथे उपयोगी पडतं: मध्ये एक फुलीचा पत्ता ठेवायचा, कोणीही त्याला बोट लावलं की तो विषय तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. ॲलेक्स रॉबर्ट्स यांच्या ‘फॉर द क्वीन’ (2019) या कथाखेळात हा पत्ता डब्यातच दिलेला आहे. आणि मजुराला दिवसभर चाचणीला बसवलं तर त्या दिवसाची मजुरी द्यावी; हा खर्च छपाईच्या खर्चात पहिल्यापासून धरावा.

दुरुस्ती थांबवायची कधी, याला ठोकताळा एकच बरा: लागोपाठच्या नव्या गटांनी एकही नवा प्रश्न विचारला नाही की छपाईकडे जावं. तोवर प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि तारीख घालावी, काढून टाकलेले पत्ते वेगळ्या पाकिटात जपावेत, कारण तिसऱ्या आवृत्तीत निरुपयोगी ठरलेला पत्ता सातव्या आवृत्तीत जागा शोधतो. छापल्यावरही काम राहतंच. ‘वन्स अपॉन अ टाइम’ची तिसरी आवृत्ती 2012 साली निघाली, पहिलीनंतर एकोणीस वर्षांनी. नियमपुस्तिकेच्या शेवटी चाचणीच्या डावाला बसलेल्यांची नावं छापायची या व्यवसायात रीत आहे. बीडच्या खेळात ती नावं छापण्याआधी प्रत्येकाला विचारून घ्यावं, आणि ज्यांची हरकत नसेल त्यांची गावासकट, पहिल्या पानावर छापावीत.